वस्ताद नसताना: एकट्याचा व्यायाम टिकवायचा कसा

तालमीत वस्ताद काय करतो, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, डाव शिकवतो. पण डाव शिकवण्याखेरीज तो निदान सहा कामं करतो आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाहीत. यायची वेळ तो ठरवतो. आज जोर, बैठका की मुदगल, हे तो सांगतो. किती काढायच्या, हे तो मोजतो. पाठ वाकडी झाली की ओरडतो. पोरगं दमलं की बस म्हणतो. आणि दोन दिवस कुणी दिसलं नाही की घरी निरोप धाडतो. झुंबाच्या वर्गात किंवा पहाटे टेकडीवर जाणाऱ्या ग्रुपमध्येही ही कामं कुणी ना कुणी करतच असतं.

घरी एकट्याने व्यायाम सुरू केला की ही सहाही कामं आपल्या अंगावर येतात, तीही पहाटे अर्धवट झोपेत. मग व्यायाम सुटतो आणि आपण म्हणतो, ‘माझ्यात चिकाटीच नाही.’ चिकाटी असेल, नसेल. पण बहुतेक वेळा अडचण साधी असते: त्या क्षणी ठरवायच्या गोष्टी फार झालेल्या असतात. त्या आधीच ठरवून ठेवल्या की सकाळी उरतं ते फक्त करणं. म्हणून वस्तादाचं एकेक काम कुणाकडे किंवा कशाकडे सोपवायचं, ते पाहू.

वेळ: घड्याळापेक्षा आधीचं काम धरा

‘उद्यापासून रोज व्यायाम’ हा नुसता संकल्प झाला. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, दात घासून झाले की गिझर लावायचा, टीपॉय भिंतीला सरकवायचा, सतरंजी टाकायची’ ही योजना झाली. दोन्हींत किती फरक पडतो, याचा एक अभ्यास २००२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २४८ विद्यार्थी होते. पहिल्या गटाला विशेष काही सांगितलं नव्हतं; त्यातल्या ३८ टक्के मुलांनी ठरल्याप्रमाणे आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं दमदार व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो, हे पटवणारी माहिती वाचायला दिली. त्यांचं प्रमाण ३५ टक्के. तिसऱ्या गटाने तीच माहिती वाचली, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, हे लिहून दिलं. त्यांचं प्रमाण ९१ टक्के! पुढच्या अभ्यासांत एवढी तफावत दिसली नाही, पण कल तोच राहिला. तेव्हा सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ बघण्यापेक्षा रात्री एक ओळ लिहिणं बरं.

व्यायाम ज्या कामाला जोडायचा, ते काम रोज न चुकता होणारं हवं: दात घासणं, मुलांची स्कूलबस जाणं, ऑफिसातून येऊन कपडे बदलणं. शिफ्ट बदलत असेल तर घड्याळाची वेळ धरू नका. ‘झोपून उठल्यावर’ हीच वेळ. ‘चहा झाल्यावर’ मात्र फसवी वेळ आहे. चहाबरोबर फोन हातात येतो आणि पाऊण तास कुठे गेला ते कळत नाही.

प्रत्येक योजनेला एक ‘नाहीतर’ जोडा. कोकणात जुलैमध्ये बाहेर चालायला जाण्याची योजना आखणं म्हणजे सुटायची सोय आधीच करून ठेवणं. ‘पाऊस असेल तर इमारतीचा जिना, दहा मिनिटं’ असं लिहून ठेवा. चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघ्यावर भार येतो, म्हणून लिफ्ट असेल तर उतरायला ती वापरण्यात कमीपणा नाही. विदर्भात मे महिन्यात ‘सातच्या आत नाहीतर घरात’ एवढी ओळ पुरते.

काय करायचं: सूर्यनमस्काराकडून शिकण्यासारखं

महाराष्ट्रात एकट्याने करायच्या व्यायामाचा एक तयार नमुना आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिरिरीने प्रसार केला. तो घराघरांत टिकला याचं श्रेय श्रद्धेला आहेच, पण त्याच्या रचनेलाही आहे. क्रम ठरलेला, वेळ ठरलेली, जागा सतरंजीएवढी. आणि मोजणी बिनचूक: मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर ही बारा नावं संपली की बारा नमस्कार संपले. वस्तादाची तीन कामं इथे मंत्रानेच करून टाकली आहेत.

एक नमस्कार पंचवीस सेकंदांचा धरला तर बारा नमस्कार पाच मिनिटांत होतात. पण नुसत्या नमस्कारांवर थांबू नये. त्यांत ढकलणं आहे, वाकणं आहे. ओढणं कुठेच नाही. पाठीच्या वरच्या भागाला आणि दंडाच्या पुढच्या स्नायूंना त्यातून फारसं काम मिळत नाही. शिवाय रोज तेवढेच बारा घातले तर शरीर सरावतं आणि पुढे सरकत नाही. दुसरी खोड रथसप्तमीची: वर्षभर शून्य आणि त्या दिवशी एकदम १०८. दुसऱ्या दिवशी मनगटं आणि खांदे त्याचा हिशोब मागतात.

घरात, उपकरणांशिवाय, पंचवीस मिनिटांचा हा एक क्रम नवख्या माणसाला पुरेसा आहे. तीन मिनिटं जागच्या जागी चालणं आणि खांदे फिरवणं. मग बारा नमस्कार. अगदी नवखे असाल तर सहा. मग बैठका, जोर आणि ओढण्याचा व्यायाम यांच्या तीन फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. ओढण्यासाठी दप्तरात पाच किलोची तांदळाची पिशवी घाला, एक हात पलंगावर टेकून कंबरेत वाका, पाठ सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताने दप्तर कमरेपर्यंत ओढा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. शेवटची तीन मिनिटं अगदी हलकी.

शेवट हलका ठेवायचा तो उगीच नाही. २०१६ सालच्या एका प्रयोगात लोकांनी पंधरा मिनिटं सायकल मारली. काहींना सोप्यापासून अवघडाकडे नेलं, काहींना अवघडापासून सोप्याकडे. ज्यांचा शेवट सोपा झाला, त्यांना व्यायामानंतर जास्त बरं वाटलं आणि नंतर आठवतानाही तो जास्त सुखाचा वाटला. पुढच्या वेळी सतरंजी टाकताना मन कुरकुर करणार की नाही, ते या आठवणीवर बरंच अवलंबून असतं. एकट्याने करताना तर जास्तच, कारण गप्पांचा गोडवा इथे नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम अशी आहे. वरचा क्रम तीन दिवस आणि उरलेल्या दिवसांत अर्धा-पाऊण तास झपझप चालणं, यात ती बसते. पहिल्याच महिन्यात मात्र एवढं गाठायच्या मागे लागू नका.

किती: खालची रेघ आणि वरची रेघ

एकट्याचा व्यायाम आळसापेक्षा उत्साहाने जास्त वेळा सुटतो, असं आमचं मत आहे. पहिल्या दिवशी अंगात वारं भरलेलं असतं. थांबवणारं कुणी नसतं. शंभर बैठका निघतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठताना ‘आई गं’ होतं. सवय नसलेल्या हालचालीनंतरचं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत कळस गाठतं, म्हणजे सोमवारी केलेल्या चुकीची शिक्षा बरोबर बुधवारच्या व्यायामावर येते. बुधवार बुडतो. शुक्रवारी ‘आता सोमवारपासून नीट’ असं ठरतं, आणि तो सोमवार येत नाही.

याहून गंभीर प्रकारही घडतो. सवय नसताना शेकडो बैठका मारल्या तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होणं, मांड्या सुजून टणक होणं, नेहमीच्या दुखण्यापलीकडची वेदना आणि अशक्तपणा ही त्याची लक्षणं. अशा वेळी तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

म्हणून आधी वरची रेघ आखा. ‘अजून दोन-तीन सहज निघतील’ असं वाटत असतानाच फेरी थांबवायची. शून्य म्हणजे आराम आणि दहा म्हणजे जीव काढणं असं धरलं तर पहिले दोन आठवडे श्रम पाचच्या वर जाऊ नयेत, पुढे सहा-सात. चालताना-धावताना कसोटी आणखी सोपी: बोलता यावं, पण गाता येऊ नये. बोलणंही तुटायला लागलं की बहुतेकांना व्यायाम नकोसा वाटू लागतो, हे प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. एकट्याने धावणाऱ्या नवख्या माणसाचा वेग जवळजवळ नेहमीच जास्त असतो. लाज सोडून हळू धावा, मध्ये चाला.

मग खालची रेघ. आजारपण नाही, पण दिवस वाईट आहे. झोप झालेली नाही, लोकल चुकलेली आहे. त्या दिवशी करायचं किमान आधीच लिहून ठेवा: चार सूर्यनमस्कार, बस. तेवढे झाले की दिवस पूर्ण धरायचा. इथे एक चूक हमखास होते. चांगल्या आठवड्यात आपण उत्साहाने किमान वाढवतो. चाराचे दहा, दहाचे वीस. मग ते किमान राहत नाही आणि पुढच्या वाईट दिवशी तेही झेपत नाही. वाढवायची असेल तर वरची रेघ वाढवा. खालची वर्षभर चारच राहू द्या.

वाढवायचं कसं, हे जोरांच्या उदाहरणाने नीट कळेल. जमिनीवरचे जोर न जमणं हे एकट्याने व्यायाम करणाऱ्याचा विरस होण्याचं मोठं कारण. त्याला चार पायऱ्या करा. पहिली, भिंतीला हात टेकून. दुसरी, स्वयंपाकघरातल्या ओट्याची कड धरून. तिसरी, पलंगाच्या कडेवर. चौथी, जमिनीवर. ओट्यावर करताना कड आधी कोरडी पुसून घ्या, हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद ठेवा, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत, दोन सेकंद मोजत छाती कडेपर्यंत न्या आणि वर या. सुरुवात आठ-आठच्या तीन फेऱ्यांनी. दर वेळी एकूण एक-दोन वाढवत न्या. तिन्ही फेऱ्यांत बारा-बारा, तेही लागोपाठ दोन दिवशी स्वच्छ निघाले की पुढची पायरी, आणि तिथे पुन्हा सहा-आठपासून. प्लास्टिकच्या खुर्चीवर हात टेकून जोर मारू नका; ती सरकते किंवा कलंडते आणि तोंडावर आपटायला होतं.

ओट्यावरून पलंगावर जायला कुणाला तीन आठवडे लागतील, कुणाला तीन महिने. या पायऱ्यांचा खरा फायदा असा की पुढे गेल्याचं दिसतं. शाबासकी द्यायला कुणी नसेल तर पलंगाची कड ती देते.

वही

अ‍ॅप वाईट नाहीत, पण फोन हातात घेतला की दोन फेऱ्यांमधली मिनिटभराची विश्रांती सहा मिनिटांची होते. चाळीस पानी वही आणि पेन पुरे. फोन विमान मोडवर टाकून फक्त टायमर लावा. नोंद अशी दिसते:

बुध. सू.न. १२. बैठका १०-१०-९. ओटा जोर ८-८-७. दप्तर १०-१०-१०. श्रम ६. डावा गुडघा ठीक.

शुक्रवारी काय करायचं, हे याच ओळीत आहे: बैठकांची तिसरी फेरी १०, जोरांची तिसरी ८. पुन्हा विचार करावा लागत नाही. आकडे तेच आणि श्रमाचा अंक मात्र सहावरून आठवर गेला, असं सलग तीन वेळा दिसलं तर झोप कमी पडते आहे किंवा शरीर शिणलं आहे. एक आठवडा प्रत्येक व्यायामाची एक फेरी कमी करा.

वजन रोज लिहू नका. पाणी, मीठ आणि पोटातलं अन्न यांमुळे काटा एक-दोन किलो सहज इकडेतिकडे होतो. रविवारी मिसळ-पापड झाले की सोमवारी काटा चढतो, आणि तीन दिवस घाम गाळणाऱ्याला वाटतं, सगळं पाण्यात गेलं. बैठका नऊच्या दहा होणं आपल्या हातात आहे. काटा तितकासा नाही.

पाठ वाकडी झाली हे कोण सांगणार

दोन आठवड्यांतून एकदा फोनचा कॅमेरा हे काम करू शकतो. फोन गुडघ्याच्या उंचीवर, दोन-तीन मीटर लांब ठेवा आणि एक फेरी बाजूने, एक समोरून टिपा. बैठकीत दोनच गोष्टी पाहा: गुडघे आत वळतात का, टाचा उचलतात का. जोरांत एकच: कंबर खाली लोंबते का. लोंबत असेल तर एक पायरी मागे या. सगळं एकदम सुधारायला जाऊ नका.

एकटं असण्याचा इथे एक फायदाही आहे. रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली मांडलं की बघणारं कुणी असलं तर अंगवळणी पडलेलं काम अधिक चांगलं होतं, पण नवीन, न सरावलेलं काम बिघडतं. म्हणजे दोरीवरच्या उड्या शिकताना घरात एकटेच अडखळलेलं बरं. दोरी मात्र मापाची घ्या: मधोमध पाय ठेवून उभं राहिल्यावर मुठी काखेपर्यंत याव्यात. वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीत जा, नाहीतर खालचे शेजारीच तुमचा व्यायाम बंद पाडतील.

निरोप धाडणारं कुणीतरी

सोबत हवी म्हणजे शेजारी उभं राहून व्यायाम करणारं माणूसच हवं, असं नाही. न आल्याचं ज्याला कळेल असं एक माणूस हवं. ऐंशी जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या कामाचा नाही. तिथे रोज सुप्रभात येतं आणि कुणी गळालं तर पत्ता लागत नाही. बहीण, जुना वर्गमित्र, ऑफिसातली मैत्रीण, कुणीही एक. करार साधा ठेवा: ठरलेल्या दिवशी रात्री आठपर्यंत वहीच्या पानाचा फोटो. नाही आला तर समोरच्याने फक्त एक प्रश्नचिन्ह पाठवायचं. भाषण नाही.

निवड करताना स्वतःपेक्षा थोडंसं सरस माणूस धरा. ओट्टो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात बर्लिनच्या रोइंग क्लबमधल्या खेळाडूंना एकेकट्याने आणि एकत्र वजन उचलायला लावलं. एकत्र असताना कमजोर गडी एकट्याच्या मानाने जास्त वेळ टिकला, कारण त्याने सोडलं की सगळ्यांचंच संपत होतं. पण ताकदीतला फरक फार मोठा असला की हा परिणाम ओसरला. मॅरेथॉन पळणाऱ्या मित्राला रोज आपले चार नमस्कार कळवण्यात हुरूप येत नाही, संकोच येतो.

चालण्यापुरता फोनच सोबती होऊ शकतो. सांगलीतली आई आणि दुबईतली मुलगी एकाच वेळी आपापल्या रस्त्यावर चालत अर्धा तास बोलल्या तर व्यायामही झाला आणि बोलणंही. फक्त रहदारीचा रस्ता नको. आवडतं ऑडिओपुस्तक फक्त चालतानाच ऐकायचं, ही युक्तीही कामाची. केटी मिल्कमन या अमेरिकन संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांना असं पुस्तक फक्त जिममध्येच ऐकायला मिळायचं, ते सुरुवातीला इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेले. पण अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर हा फरक विरला.

खंड पडल्यावर

सुट्टीनंतर विरणं हीच खरी अडचण. आपल्याकडे गणपती, दिवाळी, लग्नसराई, परीक्षा, व्हायरल ताप, खंड पडणारच. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे वाक्य इथे नुकसान करतं. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६०च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात. व्यायामाशी त्याचा संबंध नव्हता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ असा पसरला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हा त्यातला जास्त कामाचा निष्कर्ष. अ‍ॅपमधली सलग दिवसांची साखळी याच्या उलट शिकवते. ती तुटली की वाटतं, सगळंच गेलं.

२०२१ साली अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१ हजारांहून अधिक सदस्यांवर ५४ वेगवेगळ्या युक्त्या एकाच वेळी तपासल्या गेल्या. सगळ्यांत सरस ठरली ती साधी युक्ती: एखाद्या दिवशीचा व्यायाम चुकला तर पुढच्या वेळी परत येणाऱ्याला अगदी किरकोळ बक्षीस. न चुकणाऱ्याला नव्हे, परत येणाऱ्याला! चार आठवड्यांचा कार्यक्रम संपल्यावर मात्र बहुतेक युक्त्यांचा प्रभाव टिकला नाही, हेही तिथेच दिसलं. घरी याचं रूप असं: परत आलेल्या दिवसाला वहीत लाल पेनाने गोल करा. वर्षाअखेर असे गोल भरपूर असतील तर व्यायाम नीट चालला आहे.

परत येताना किती करायचं, हेही लिहून ठेवा. आठवडाभराचा खंड असेल तर प्रत्येक व्यायामाची एक फेरी कमी. दोन-तीन आठवडे गेले असतील तर आकडे निम्मे. दम आधी कमी होतो, ताकद त्या मानाने टिकते, त्यामुळे दोनच आठवड्यांत बरंचसं परत येतं. ताप आला असेल तर तो पूर्ण उतरून अंगात तरतरी येईपर्यंत काही नाही, मग दोन-तीन दिवस फक्त चालणं. डेंग्यू, कोविड किंवा न्यूमोनियानंतर डॉक्टरांना विचारूनच.

एकट्याने करू नये असं

विहिरीत, नदीत, तलावात एकट्याने पोहू नका, कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी. बाकावर आडवं होऊन छातीवर जड सळई घेण्याचा व्यायाम, दोन्ही बाजूंना सळई अडवणारे दांडे नसतील तर एकट्याने नको. टेकडीवर किंवा गडावर एकटे जात असाल तर वाट आणि परतायची वेळ घरी सांगून जा. छातीत दुखणं, डावा हात किंवा जबडा भरून येणं, घेरी, न शोभणारी धाप यांतलं काही झालं तर फेरी पुरी करत बसू नका. थांबा, दाराची कडी काढून ठेवा आणि १०८ ला फोन करा. आधीच हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असेल, किंवा गरोदरपण असेल, तर वरचे आकडे डॉक्टरांना दाखवून मगच पहिली सतरंजी टाका.